खिशातलं तेल

मी अकरा वर्षं जहाजांना वेग सांगण्याचं काम करते आहे आणि आजवर एकाही मालवाहू जहाजावर पाय ठेवलेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ यातच आहे. माझं गाव परभणी जिल्ह्यातलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि तेव्हाही चपला वाहून जातील या भीतीनं मी पाण्यापासून चार हात लांब उभी होते. तीच मी आता हिंजवडीतल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर बसून आयुष्य समुद्रावर काढलेल्या माणसांना सांगते, हळू जा, आता जरा जोर लावा, इथून वळसा घ्या. म्हणजे मी एकटी नाही. आमची टीम आहे आणि टीमनं तयार केलेलं एआयचं मॉडेल आहे. पण ऑफिसात शाबासकी घेताना मी 'मी' म्हणत आले, तर इथेही 'मी'च म्हणते.

काम असं. जहाज माल घेऊन बंदराकडे जीव खाऊन पळतं आणि तिथे पोचल्यावर धक्का रिकामा नाही म्हणून चार-चार दिवस बाहेर नांगर टाकून उभं राहतं. दवाखान्यात नंबर दुपारचा असताना सकाळी सातला रिक्षा पळवत जावं आणि मग बाकावर बसून राहावं, तसं. आमचं मॉडेल धक्का कधी मोकळा होणार ते पाहतं, वारा, लाटा, प्रवाह पाहतं आणि सांगतं की इतक्या वेगानं या, म्हणजे थांबावं लागणार नाही. वेग थोडा कमी केला की तेल पुष्कळ कमी जळतं. धूर कमी होतो. याचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

सहा वर्षांपूर्वी मी हिंजवडीजवळच्या चांदे गावात राहायला आले. ऑफिस जवळ आणि भाडं परवडणारं, एवढाच विचार होता. खाली घरमालकीण आणि तिची सून, वर गच्चीला लागून माझ्या दोन खोल्या. समोर त्यांच्याच जुन्या भातखाचरावर एक उंच इमारत उभी राहिली होती आणि मागे दोन खाचरं अजून शिल्लक होती. टेम्पोतून सामान उतरवलं, पण गॅस मिळायला दोन दिवस होते. बिस्किटं खाऊन भागवावं म्हणून पुडा फोडत होते, तेवढ्यात मालकीणबाई जिना चढून आल्या. हातात ताट होतं. इंद्रायणीचा वाफाळता भात, पिठलं, मिरचीचा ठेचा.

"उपाशी पोटी सामान लावू नगं. जेव आदी."

त्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणू लागले. घरात दोघीच, शिजवलेलं दोघींपुरतं, मग हे भरगच्च ताट आलं कुठून, हे मी तेव्हा विचारलं नाही. भूक लागली होती.

मावशींनी मात्र मला सगळं विचारलं. लग्न का नाही केलं, पगार वेळेवर होतो का, आणि काम काय करते. मी म्हटलं, जहाजांना किती वेगानं जायचं ते सांगते.

"हितनं?" त्यांनी गच्चीवरून चारी बाजूंना पाहिलं. "हितनं तर मुळशीचं धरान बी दिसत न्हाई!"

मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमचं पोरगं बी जहाजावर हाय. त्याला सांग की जरा हळू जा म्हनून."

त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर चीफ इंजिनियर होता. माळाचा तुकडा विकून त्याला शिकवला होता. सहा महिने पाण्यावर, चार महिने घरी. पहिल्या सुट्टीत तो आला तेव्हा वयानं मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणू लागले आणि तो मला ताई. इंजिन रूममध्ये कान बधिर झाल्यामुळे तो मोठ्यानं बोलायचा. माझं काम कळल्यावर त्यानं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "ताई, तुमच्या कंप्युटरला बोट लागती का हो? उलट्या व्हत्यात का त्याला?"

मी चिडले, पण तो मला आवडला. आणि खरं सांगायचं तर मला त्याची गरज होती. आमच्या ऑफिसात समुद्रावरून आलेले दोन कॅप्टन होते, ते साहेब लोकांशी बोलायचे. मला इंजिनाबद्दल मूर्खासारखे प्रश्न विचारायला कुणीतरी हवं होतं. दादा गच्चीच्या कठड्यावर बसून उत्तरं द्यायचा. तेल कसं तापवून पातळ करतात, वाऱ्याविरुद्ध जहाज कसं कण्हतं, दररोज दुपारी बाराला ऑफिसला रिपोर्ट कसा पाठवतात. त्या रिपोर्टात गेल्या चोवीस तासांत किती तेल जळलं आणि टाक्यांत किती उरलं, हे चीफ लिहितो. आमचं मॉडेल याच रिपोर्टांवर वाढलं होतं. दादानं सांगेपर्यंत त्या आकड्यांच्या मागे टाकीत मोजायची फीत सोडून उभा असलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढे कधी आला नव्हता.

त्याची बाराची सवय घरीही सुटली नव्हती. आमच्याकडे पाणी टँकरचं. गच्चीवर, माझ्या खिडकीसमोर, मोठी काळी टाकी. बरोबर बारा वाजता दादा वर यायचा, झाकण उघडून पितळी वजन लावलेली फीत पाण्यात सोडायचा आणि किती सेंटिमीटर भरलं ते जिन्यातून खाली ओरडायचा, "आई, पन्नास!" खालून मावशी "व्हय" म्हणायच्या आणि त्या हिशेबानं धुणं काढायच्या किंवा उद्यावर ढकलायच्या. मला घरून काम असलं की ही करमणूक ठरलेली.

एकदा फीत बाहेर काढताना मी सहज डोकावले. ओली खूण साठाच्या वर होती. दादा ओरडला, "आई, पन्नास!"

मी म्हटलं, "दादा, साठ आहे."

"हळू बोला," तो म्हणाला. त्या माणसाला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "खरं सांगितलं की घर तेवढं वापरतं. मग येक दिस टँकर चुकला की बोंबला. म्हनून बोटभर मागं ठेवायचं. बोटीवर बी आमी ह्येच करतोय."

आणि त्यानं मला खिशातल्या तेलाची गोष्ट सांगितली. समुद्र शांत असला की वीस टन जळतं, तिथे चीफ एकवीस लिहितो. एक टन कागदावर जळतं, टाकीत मात्र असतं. मग समुद्र खवळला की पंचवीस जळतं, तिथे तो तेवीस लिहितो आणि उरलेलं त्या राखलेल्यातून जातं. "त्याला खिसा म्हनत्यात. सगळ्या चीफकडं आसतो. कॅप्टनला ठाऊक आसतं. आन् कुनीबी कागदावर आनत न्हाई."

"पण ही तर खोटी नोंद झाली."

"खोटी हाय की. पर वादळात इंजिन बंद पडलं तर कागद खाली उतरून बोट ढकलनार हाय का?" मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "काही लोक ते तेल भाईर इकत्यात. त्यास्नी म्या चीफ म्हनत न्हाई. खिसा बोटीचा आसतो, मानसाचा न्हवं."

हे कुठे शिकलात, असं मी विचारलं. त्यानं हनुवटीनं खाली स्वयंपाकघराकडे दाखवलं. मावशी दोन्ही वेळेला तांदूळ मोजून घेतात, धुण्याआधी त्यातली एक मूठ पुन्हा काढतात आणि फळीवरच्या वेगळ्या डब्यात टाकतात. त्यांच्या सासूनं शिकवलेलं. ताटात मूठभर कमी झालं तर कुणाला कळत नाही, आणि डबा भरत राहतो. त्यातला तांदूळ घरच्यांसाठी शिजवायचा नाही, एवढा एकच नियम. मग कशासाठी, ते मला वाटतं दादालाही नीट सांगता आलं नसतं.

होळीनंतर दादा जहाजावर गेला. जाताना टाकीची फीत त्यानं माझ्या हवाली केली. "बाराला मोजा. आन् बोटभर कमी सांगा," म्हणाला. घरी असेन त्या दिवशी मी मोजत राहिले आणि कमी सांगत राहिले, आणि मला त्यात मजा वाटत होती.

त्याच सुमारास ऑफिसात आमच्या मॉडेलची एक खोड सगळ्यांच्या डोक्याला ताप झाली होती. रिपोर्टांप्रमाणे शांत समुद्रात जहाजं मॉडेलच्या अंदाजापेक्षा जास्त तेल जाळत आणि खवळलेल्या समुद्रात कमी. असं कसं होईल? तीन महिने आम्ही वाऱ्याला दोष दिला, लाटांच्या माहितीला दोष दिला, एकमेकांना तर दिलाच. एका सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी वैतागून विचारलं, "कुणाला काही कळतंय का इथे?"

मला कळत होतं. त्या खोलीत फक्त मलाच कळत होतं.

दादाची आठवण झाली का? झाली, खोटं कशाला बोलू. पण साहेब माझ्याकडे पाहत होते आणि माझ्या शेजारी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान मुलगा बसला होता, ज्याला गेल्या वर्षी माझ्याआधी बढती मिळाली होती. मी म्हटलं, "समुद्र बरोबर आहे, मॉडेलही बरोबर आहे. रिपोर्ट खोटे आहेत." आणि खिशातलं तेल मी टेबलावर ओतलं.

कुणी सांगितलं ते सांगितलं नाही. 'एका चीफकडून कळलं' एवढंच. मनाची समजूत घालायला कारणं भरपूर होती. आमच्याकडे जहाजांना नावं नसतात, नंबर असतात. दादाचं जहाज आमच्या यादीत असेलच असं नाही. खोट्या आकड्यांवर शिकलेलं मॉडेल चुकीचा वेग सांगतं आणि तेल जास्त जळतं. दडवलेलं तेल हे उगाच वाहून नेलेलं वजन. यातलं एकही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते इतकं सोपं गेलं.

पुढचं काम दोन महिन्यांत झालं. काही जहाजांच्या इंजिनांवर तेल मोजणारी मीटरं होती. त्यांच्यावरून मॉडेल खरं काय ते शिकलं आणि मग मीटर नसलेल्या जहाजांचा खिसा ओळखू लागलं. प्रत्येक नंबरासमोर एक नवा रकाना आला, 'छुपा साठा'. जास्त असेल तर लाल. जहाजं चालवणाऱ्या कंपन्यांना हा रकाना इतका आवडला की आमच्याकडे केक कापला. माझा फोटो काढला. मी तो परभणीला आईला पाठवला.

दादा आषाढात परत आला. गेल्याला चार महिनेही झाले नव्हते. सकाळी उठून खिडकीतून पाहिलं तर मागच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभा राहून तो भाताची लावणी करत होता. गेल्या दोन वर्षांत त्याला लावणीच्या दिवसांत घरी कुणी पाहिलं नव्हतं. बांधावरून जाणारे थांबून विचारत, "काय चीफसाहेब, औंदा लवकर?" तो म्हणायचा, "व्हय, कंटाळा आला." मावशी पहिले दोन दिवस खुशीत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "बोलत न्हाई गं त्यो. जेवतोय बी कमी. तुला कायतरी सांगल, इचार."

मी विचारलं नाही. त्यानं आपणहून सांगितलं, कठड्यावर बसून, त्याच्या मानानं फार हळू आवाजात. गुजरातच्या एका बंदरात कंपनीचा माणूस जहाजावर चढला. हातात लॅपटॉप. म्हणाला, तुमच्या टाक्यांत कागदापेक्षा जास्त तेल आहे. टाक्या मोजल्या, निघालं. दादानं कबूल केलं, खिसा आहे, सगळ्यांचा असतो. तो माणूस म्हणाला, विकायला ठेवलं होतंस. दुसऱ्या दिवशी दादाची बॅग खाली उतरवली. जास्तीचं तेल पुढच्या भरण्यातून वजा केलं.

"चोर म्हनला मला," दादा म्हणाला. "म्या म्हनलं, टनाटनाचा हिशेब देतो, जरा बसा. त्यो बसला न्हाई. म्हनला, सिस्टीम दाखवतीया." आणि मग, "ताई, ही कंची सिस्टीम आली हो नवी?"

मी म्हटलं, "बघते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिलं काम तेच केलं. गुजरातच्या त्या बंदरात त्या तारखेला आमच्या यादीतलं एकच जहाज उभं होतं. एकोणतीस नंबर. रकाना हिरवा झाला होता, कारण खिसा रिकामा केला होता. त्यावर माझ्याच टीममधल्या कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याची खूण केली होती. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन दिवसभर काम केलं.

पंधरा दिवस मी गप्प राहिले. दादासमोर पडू नये म्हणून पहाटेच निघायचे, उशिरा यायचे. मावशी तरीही अधूनमधून ताट ठेवून जायच्या आणि ते मला गिळवत नसे. उद्या सांगू, रविवारी सांगू, त्याला दुसरं जहाज मिळालं की सांगू. पण चोर म्हणून उतरवलेल्या चीफला दुसरं जहाज कोण देणार? तो फोन करायचा, पलीकडून "कळवतो" म्हणायचे. वहिनी, म्हणजे त्याची बायको, दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि त्यानं फोन ठेवला की आत जायच्या.

मग एका रविवारी, साडेअकराच्या सुमारास, त्यानं मला खालून हाक मारली. आवाज पुन्हा मोठा होता. त्याच्या जुन्या जहाजावरच्या दोस्ताचा आदल्या दिवशी निरोप आला होता, अरबी समुद्रात वादळात सापडलोय, तेल कमी आहे. त्यानंतर काही नाही. "ताई, तुमच्या पडद्यावर दिसंल का? बावीस मानसं हायेत तिच्यावर."

मी लॅपटॉप घेऊन खाली ओट्यावर बसले. एकोणतीस नंबर शोधावा लागला नाही, तो मला पाठ होता. जहाज जवळजवळ जागच्या जागी होतं. तेल वाचवण्यासाठी इंजिन अगदी मंद ठेवलं होतं, फक्त तोंड लाटांकडे राहील इतकं. शेजारी आमच्या मॉडेलचा सल्ला दिसत होता. निघताना किती तेल पुरेल, तो आकडा. अगदी काटेकोर होता. शांत समुद्रात तो बरोबर निघाला असता.

दादानं माझ्या खांद्यावरून वाकून पडदा पाहिला. सगळं वाचलं. तो इंजिनियर आहे, त्याला वेळ लागला नाही. 'छुपा साठा' या रकान्यावर त्यानं बोट ठेवलं. "ह्ये तुमचं हाय?"

"माझं आहे," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलेलं मीच ऑफिसात सांगितलं. जहाज तुमचं आहे हे माहीत नव्हतं. पण सांगितलं मीच."

मावशी आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपाचा आवाज थांबला. वहिनी दारात आल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या. त्या माझ्याशी आजतागायत बोललेल्या नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

दादा म्हणाला, "तुमी खोटं न्हाई सांगितलं. पर आर्धंच सांगितलं. कशापायी ठेवतो, त्ये सांगायचं राह्यलं." मग तो उठून मागच्या खाचराकडे गेला.

मी तिथेच बसून राहिले. मावशी बाहेर आल्या आणि ओट्याला टेकल्या. रडाव्यात, शिव्या घालाव्यात, असं मला वाटत होतं. ते सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "तू आलीस त्या दिशी ताट आनलं व्हतं, आटवतंय? आमचं शिजवून खाऊन झालं व्हतं. त्यो भात त्या डब्यातला व्हता. न सांगता येनाऱ्याला आसतो त्यो." आणि त्या पुन्हा आत गेल्या. सुपाचा आवाज परत सुरू झाला.

वादळ दुसऱ्या दिवशी ओसरलं. जहाज जवळच्या बंदरात कसंबसं पोचलं, माणसं सगळी धड होती. त्या वळशात आणि ताटकळण्यात खिशातल्या तेलापेक्षा जास्त तेल जळलं. हे मी मॉडेललाच मांडायला लावलं आणि साहेबांपुढे ठेवलं. सोबत एक टिपण जोडलं. एकोणतीस नंबरच्या चीफनं शांत दिवसांत राखलेला प्रत्येक टन पुढे कुठल्या वाईट दिवसात खर्च केला आणि किती टाकीतच सापडला, ते तारखेवार. एक थेंबही बाहेर गेला नव्हता. ज्या मॉडेलनं त्याला पकडलं होतं, त्याला त्याची बाजूही ठाऊक होती; ती कुणी विचारली नव्हती. टिपणाखाली मी लिहिलं की खिशाची माहिती मला याच माणसानं विश्वासानं दिली होती.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे पाठवलं तर तुझंच नाव खराब होईल," ते म्हणाले. मी म्हटलं, पाठवा. त्यांनी पाठवलं, याबद्दल मी त्यांना मानते. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक जहाजाला उघडपणे राखीव तेल ठेवायची मुभा आली. पण किती ठेवायचं ते मॉडेल ठरवतं, चीफ नाही.

कंपनीचं उत्तर यायला दिवाळी उजाडली. दोन ओळी. चोरीचा आरोप मागे घेतला आहे. जागा भरली गेली आहे. दादानं तो कागद घडी करून मावशींकडे दिला आणि त्यांनी तो देवाच्या फोटोमागे ठेवला. आता तो उरवड्याच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळतो. मोटरसायकलवरून जातो, गुरुवारी सुट्टी असते. त्याला वाईट वाटतं का, असं विचारायचा मला हक्क नाही. मी खोल्या सोडते म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, "जाऊन कुटं जानार? गप ऱ्हा."

राहिले. पण गुरुवारी बारा वाजले की मला खिडकीत उभं राहवत नाही. दादा अजून येतो, झाकण उघडतो, फीत सोडतो. आता तो आकडा खरा सांगतो. "आई, सत्तावन्न!" फितीवर सत्तावन्न असतं. बोटभरही मागे नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मुद्दाम जाऊन खूण पाहिली आणि त्यानं मला पाहू दिलं. "आता बरोबर हाय न्हवं?" त्यानं विचारलं. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो खरंच विचारत होता.

गेल्या उन्हाळ्यात शनिवारचा टँकर आला नाही. रविवारी सकाळी माझ्या नळानं दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि बंद पडला. मी राहायला आल्यापासून ती टाकी पहिल्यांदा कोरडी पडली. कामावर जायच्या आधी दादा बादल्या घेऊन शेजारी पाणी मागायला गेला होता. मी रिकामं पातेलं हातात घेऊन उभी होते, तेव्हा जिन्यात पावलं वाजली. मावशी दम खात वर आल्या. कमरेवर भरलेली कळशी होती.

"ही घे."

"कुठून आणली, मावशी? टाकीत तर थेंब नाही."

त्यांनी कळशी माझ्या ओट्यावर ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. "म्या ठेवलेली व्हती. कॉटखाली. रोजची येक ठेवतीया, त्यो खरं सांगाय लागला तवापासनं."

मग जिन्याकडे एकदा पाहून आवाज खाली आणला.

"त्याला सांगू नगं. आन् तुझ्या त्या कंप्युटरला बी."